टिओलिनानं घातलेले टायर

सिआन्तार गावच्या पुरुषांना दोनच गोष्टी नीट जमतात, असं टिओलिनाचं ठाम मत होतं. एक, लापोत, म्हणजे गुत्त्यात, बसून ताडी ढोसणं. दुसरी, ताडी ढोसता ढोसता बुद्धिबळात समोरच्याचा राजा अडवणं. तिसरं काही करायला सांगितलं की त्यांची कंबर धरते. हे मत ती मनात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. बाजाराच्या उतारावर तिचं पंक्चरचं दुकान, म्हणजे चार वासे, वर पत्रा, एक हवेचा पंप आणि पाण्याची परात. तिथं टायर उचकटता उचकटता ती हे रोज कुणा ना कुणाला ऐकवायची.

हुतापेआंची ही लेक, सिम्बोलोनांची सून. बाप पंक्चरवाला, आजा पंक्चरवाला. पोरीनं ते शिकावं असं बापाला मुळीच वाटत नव्हतं, त्याला ते मुलानं शिकायला हवं होतं. पण मुलगा, म्हणजे टिओलिनाचा थोरला भाऊ होतबिन, हाताला काळं लागतं म्हणून कचेरीत गेला. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाला, तेव्हा सगळं गाव आपणच चालवत होतो अशा थाटात घरी आला. टायर-लिव्हर राहिली ती टिओलिनाच्या हातात.

तिचा नवरा बिन्सार. त्यांची पोरगी रोतुआ परगावी परिचारिका झाली, तरी गावात तो अजून रोतुआचा बाप याच नावानं ओळखला जायचा. बेचा चालवायचा. सिआन्तारचा बेचा म्हणजे इंग्रजी बनावटीची जुनी धिप्पाड मोटारसायकल आणि तिच्या कुशीला जोडलेली साइडकार. ती मोटार बिन्सारच्या बापानं कमावलेली. सुरू झाली की तीन गल्ल्यांतली कुत्री उठून बसायची. दोघांचं घर तिच्यावरच चालायचं, कारण पंक्चरच्या दुकानात मीठमिरचीपुरतंच सुटत होतं. बिन्सार माणूस गरीब. टिओलिनाच्या भाषेत, "मूग गिळण्यात पदवी घेतलेला."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या जुन्या मोटारीच्या मापाचा टायर बाजारातून नाहीसा झाला होता. मिळालाच तर तीन महिन्यांत मधोमध झिजून गुळगुळीत. सगळे बेचेवाले नशिबाला दोष द्यायचे. टिओलिनानं झिजलेला टायर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे ठोंब्यांनो, दोन चाकांची गाडी वळताना कलते, म्हणून तिच्या टायरचं पोट गोल. तुमचा बेचा जन्मात कधी कललाय का? मग सपाट टायर घाला की! कारचा!"

बेचेवाले पोट धरधरून हसले. एक म्हणाला, "मावशी, मग स्टेअरिंगही लावून दे ना!"

"लावेन. आधी तुझ्या डोक्याला हँडल लावते, कुठंतरी वळेल तरी," ती म्हणाली.

आणि तिनं ते केलं. भंगारातून छोट्या कारची दोन चाकं आणली, एक मागच्या चाकासाठी आणि एक साइडकारसाठी. मधला पत्रा कापून मूळ चाकाचा तुंबा, म्हणजे आसावरचा मधला भाग, त्यात बसवला. वेल्डिंगवाला झोपाळू, त्याच्या डोक्यावर ती दोन दिवस उभी राहिली. रुंद टायरला साखळी घासायला लागली तेव्हा वायसर घालघालून चाक बोटभर सरकवलं. मडगार्ड फोडून फाकवला. शेवटी कडांना साबणाचं पाणी लावून हवा भरत गेली, भरत गेली, आणि टायर "ठप्प" करून रिमवर बसला. तो आवाज ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मूळ चाकाची कडी उरली, ती तिनं विहिरीवर रहाटाला लावून टाकली.

तो टायर सव्वा वर्ष चालला. उतारावर बेचा डगमगेना, पावसात घसरेना. स्टँडवर माणसं विचारू लागली, कुणी बसवलं रे हे? तेव्हा या भल्या माणसानं, रोतुआच्या बापानं, काय सांगावं? "मेदानच्या कारागिरानं."

बायकोनं बसवलं म्हणायची लाज वाटली! टिओलिनाला ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण एक बेचेवाला येऊन म्हणाला, "मावशी, ते मेदानसारखं जमेल का तुला?"

"मेदान तीन तासांवर आहे. जा, तिथंच बसव," ती म्हणाली. मग बसवूनही दिलं. पुढं दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. अकरा वर्षांत तिनं चाळीसेक बेच्यांना कारचे टायर घातले आणि सगळ्या गावात त्याला "मेदानी बसवणी" हेच नाव पडलं. ती घरी बिन्सारला काही बोलली नाही. फक्त मिरची वाटताना वरवंटा जरा जास्त आपटायची.

एका रविवारी प्रार्थनेनंतर होतबिन घरी आला. तो आला की बिन्सार उठून उभा राहायचा, खुर्ची पुसायचा. इथल्या बताक लोकांत बायकोच्या माहेरची माणसं म्हणजे हुला-हुला, देवाखालोखाल. त्यांचा आशीर्वाद तर पोरंबाळं, त्यांचा राग तर निपुत्रिक. त्यांच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही, ही रीत. आणि रीत पाळण्यात बिन्सारचा हात कुणी धरला नसता.

मेहुणे एकमेकांना लाए म्हणायचे. होतबिननं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "लाए, तुमचं भाग्य उघडलं. जावाचे एक मोठे गृहस्थ आहेत. जुन्या मोटारसायकली जमवतात. आपली घ्यायला तयार आहेत."

"आपली?" टिओलिना आतून म्हणाली. "इतो, आपली कोणती? तुझ्या घरी तर सायकलही नाही."

"इतो, पुरुष बोलताहेत," होतबिन भिंतीकडे बघत म्हणाला. बहीणभाऊ एकमेकांना इतोच म्हणायचे, पण तो ते असं म्हणायचा की शिवी बरी. "हुतापेआंच्या पूर्वजांचं स्मारक बांधायचंय, ते पैसे त्यात घालू. मी समितीचा अध्यक्ष. तीन मजली, वर कळस. माझाच मेहुणा हात आखडून बसला तर मी चार लोकांत तोंड कसं दाखवू?"

"मेलेल्यांना तीन मजले! जिवंत माणसं चालवतील काय, खातील काय?"

"पूर्वज बघतील."

"पूर्वज येणारेत का सकाळी मासळीवाल्या बायकांना बाजारात सोडायला?"

बिन्सार जमिनीकडे बघत होता. टिओलिना वाट पाहत राहिली. एकदा तरी बोल रे बाबा, तिला वाटलं, एकदा तरी. बिन्सारनं घसा खाकरला आणि म्हणाला, "लाए म्हणतील तसं."

होतबिन गेला. बिन्सार मोटारीपाशी जाऊन बसला आणि फडक्यानं टाकी पुसू लागला. पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता. टिओलिनाच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, त्या तिनं गिळल्या. बापाच्या मढ्याला आंघोळ घालतानाही हा माणूस असाच दिसला होता.

"रड की मग," ती म्हणाली. "रडायलाही लाएची परवानगी लागते का?"

"हुला-हुलाला नाही कसं म्हणू गं?"

"मला ठाऊक आहे कसं म्हणतात ते," टिओलिना म्हणाली. "हो हो म्हणत म्हणत."

गुरुवारी जावाचे गृहस्थ आले. विर्यावान त्यांचं नाव. इस्त्रीचे कपडे, पांढरे बूट, खिशात भिंग. होतबिननं आधी त्यांना आपल्या घरी डुक्कर त्यांना चालत नाही म्हणून कोंबडी खाऊ घातली, मग मिरवत बिन्सारच्या दारात आणलं. मागं निम्मी गल्ली. बिन्सारनं सकाळीच, पाहुण्यांना हवी तशी, साइडकार सोडवून ठेवली होती. तीन चाकांची मोटार दोन चाकांवर स्टँडला उभी होती आणि लंगड्या बैलासारखी केविलवाणी दिसत होती. फाकवलेल्या मडगार्डनं मागचं चाक निम्मं झाकलं होतं, उरलेल्यावर चिखल. विर्यावान गुडघ्यांवर बसून भिंगातून इंजिनाचा नंबर वाचत होते. बाकी कशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"वा! अस्सल! जरा चालवून बघतो," ते उठत म्हणाले आणि त्यांनी हँडलला हात घातला.

तेवढ्यात टिओलिना पुढं झाली. हात जोडलेले, मान खाली, आवाज मधासारखा. तिला असं बघून शेजारणी घाबरल्याच.

"पाहुणे, क्षमा करा. आमच्यात आधी मान हुला-हुलाचा. घरची वस्तू घराबाहेर जाताना पहिली फेरी माझ्या भावाची. आणि तो तर तरुणपणी या मोटारीवर आख्ख्या सरोवराला वळसा घालून आलाय, हो ना इतो? दर लग्नात सांगतोस."

होतबिननं ते खरंच दर लग्नात सांगितलं होतं. खरं म्हणजे तो वळसा त्यानं साइडकारमध्ये झोपून घातला होता. बेचाही दोनचार वेळाच हाकलेला, आणि साइडकारशिवाय दोन चाकांवर तर गावातला एकही मर्द कधी बसलेला नव्हता. पण चार माणसं बघत होती.

"बाह! त्यात काय," होतबिन म्हणाला.

बिन्सारनं तोंड उघडलं. टिओलिनानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. गल्ली सपाट होती, ऐंशी पावलांची. पुढं डावीकडे वळण, आणि वळणाला आडवं माशांचं तळं. कमरेइतकं पाणी, खाली मऊ गाळ. टिओलिनानं ते सगळं बुधवारीच चालत मोजलं होतं. भाऊ होता शेवटी, त्याची हाडं मोडायची तिची इच्छा नव्हती.

"पहिल्याच गियरमध्ये हं, इतो," ती मायेनं म्हणाली.

बिन्सारनं किक मारून दिली. कुत्री उठून बसली. होतबिन पोट आत घेऊन निघाला, आणि सरळ रस्त्यावर चाललाही बरा, कारण सपाट टायरला सरळच चालायला आवडतं. माणसं टाळ्या वाजवू लागली. त्यानं एक हात वर करून मानही डोलावली. मग वळण आलं. होतबिननं बेच्याला वळवतात तसं ताठ बसून हँडल डावीकडे खेचलं. मोटार उजवीकडे झुकली. घाबरून त्यानं अंग डावीकडे टाकलं, पण कारचा तो रुंद टायर कलायलाच तयार नाही. कडेवर चढला, पुन्हा सपाट बसला आणि ब्रेक आठवायच्या आत होतबिन हुतापेआ, स्मारक समितीचे अध्यक्ष, मोटारीसकट सरळ तळ्यात.

मग पाण्यातून डोकं वर आलं, शेवाळ्यासकट. एक मासा त्याच्या खांद्यावरून उडी मारून गेला.

"हुला-हुलानं लेकीच्या घरी मासा द्यायचा असतो ना," मासळीवाली म्हातारी गंभीरपणे म्हणाली. "बिचारे स्वतः आणायला गेले."

गल्ली फुटलीच. हसून हसून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. होतबिनला काही झालं नव्हतं, एक बूट गाळात गेला आणि आवाज गेला, एवढंच. बेचेवाल्यांनी आधी मोटार ओढून काढली, मग त्याला. मोटार काठावर आडवी पडली होती, मागचं चाक वर, पाण्यानं लख्ख धुतलेलं. विर्यावान पळत आले आणि त्यांची नजर चाकावर गेली.

"हे काय? कारचा टायर? आणि हा तुंबा कापलाय! वेल्डिंग?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मूळ चाक कुठं आहे?"

"विहिरीवर," टिओलिना म्हणाली. "पाणी छान निघतं."

"सत्यानाश! अशा अस्सल मोटारीचा सत्यानाश! मला नको हे भंगार." त्यांनी भिंग खिशात कोंबलं. "कुणी केलं हे? कुठल्या गाढवानं हे टायर घातले?"

स्टँडवरचे सगळे बेचेवाले तिथं होते, मेदानी बसवणी घातलेले चाळीसच्या चाळीस म्हटलं तरी चालेल. काठावर होतबिन ठिबकत उभा होता, डोळ्यांनी बिन्सारला दटावत. टिओलिनानं हात पुसायला फडकं घेतलं. पुढचं उत्तर तिला पाठ होतं, अकरा वर्षं ऐकत होती.

बिन्सारनं मोटार एकट्यानं उचलून उभी केली. त्याची मान खाली नव्हती.

"माझ्या बायकोनं," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "टिओलिनानं. मेदानबिदान कुणी नाही. मी खोटं बोललो. गावातल्या सगळ्या बेच्यांना हिनंच घातलेत. आणि साहेब, तिनं ते तीन चाकांसाठी घातलेत, तुमच्या दोन चाकांसाठी नाही." मग तो होतबिनकडे वळला. "लाए, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण बेचा विकायचा नाही."

होतबिननं तोंड उघडलं, त्यातून फक्त पाणी आलं.

बेचेवाले पायांकडे बघू लागले. टिओलिनाला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. अकरा वर्षांचं साठवलेलं होतं, चांगलं एक गाडीभर. पण त्यातलं एकही वाक्य बाहेर पडेना. तिला स्वतःचाच राग आला.

"बघत काय बसलास, रोतुआच्या बापा?" ती शेवटी म्हणाली आणि फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "साइडकार जोड. बाजारात बायका खोळंबल्यात."