लालसूची जागा

"थांबवा! गाडी थांबवा! तिकडं नाई न्यायचं त्याले!"

म्हातारी फौजेच्या ट्रकसमोर उभी राहून ओरडत होती. अंगाने वाळकी काडी, पण आवाज असा की ट्रकचं इंजिन घाबरून बंद पडलं. बरं, ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणा. मागे तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी हातभर सरकली. पेटीत नायक लालसू होता. मी एस्कॉर्ट पार्टीचा हवालदार. मे महिना, सकाळचे दहा. भामरागडच्या अलीकडचं त्याचं गाव.

ट्रकला जायचं होतं रस्त्याच्या डाव्या हाताच्या मोकळ्या जागेत. तिथे दगड उभे होते. काही माणसाहून उंच, काही गुडघ्याएवढे. गावातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने तिथे एक दगड उभा राहतो. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी लोकांना ती जागा सपाट दिसली, सावलीची दिसली. त्यांनी तिथेच खड्डा खणून, मंडप टाकून, खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मनात वाईट काही नव्हतं. गावाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मी मूळचा घुग्घुसचा. आमच्याकडे कोळशाच्या गाड्यांवर ताण करून बोलावं लागतं. त्यामुळे पलटणीत माझा आवाज तोफेच्या खालोखाल मानला जायचा. मानणारा मीच. लालसू आणि मी उत्तरेला बर्फातल्या एका पोस्टवर दोन हिवाळे काढले. तिथली थंडी काय सांगू? एकदा सुभेदार साहेबांची मिशी मोडून खाली पडली, ती मी डिंकाने परत चिकटवली. यातलं तुम्हाला जेवढं वजा करायचं तेवढं करा. दिनक्रम मात्र खरा सांगतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सावध उभं राहणं. मग बर्फ उपसणं. मग चहा. मग तोच बर्फ परत उपसणं. संध्याकाळी बंकरमध्ये मी गप्पा ठोकायचो, लालसू स्टोव्ह सांभाळत ऐकायचा. सगळे हसून झाले की हळूच विचारायचा, "हवालदार, यातलं खरं कोणतं?"

एका संध्याकाळी तोच बोलला.

"आमचं घर ओढ्याच्या पलीकडं हाय. आज्याचा दगड पलीकडं, बापाचा बी पलीकडं. दगडायच्या जागेत आमच्या घराले घेत नाई."

"काऊन?"

"आज्यानं केलं होतं म्हणते."

"आज्यानं केलं, त्यात तुझं काय?"

त्याने स्टोव्हला दोन पंप मारले. "फौजेत गेलो तं घेतीन असं वाटलं. म्हणून भरती झालो."

मी छाती ठोकली. "घेत कसे नाई? मी येतो ना गावाले! बँड लावून आत नेतो तुले!"

तो हसला. पुढच्या मोसमात टेलिफोनची तार तुटली. लालसू आणि एक शिपाई ती जोडायला गेले. वरून बर्फ आलं. शिपाई जिवंत बाहेर निघाला. लालसू दुसऱ्या दिवशी सापडला, पक्कड हातात होती.

तर मी त्याला घेऊन आलो होतो. बँड नव्हता. सलामीसाठी दहा रायफली होत्या, त्यांत नुसत्या आवाजाच्या गोळ्या.

आमचे कॅप्टन साहेब तरुण, बाहेरच्या प्रांतातले. ते खाली उतरले.

"हवालदार, क्या बोल रही हैं?"

"साहब, रास्ता नहीं दे रहीं."

"क्यों?"

"पूछता हूँ, साहब."

म्हातारीचं नाव जुरी. तिच्या मागे हळूहळू सगळा गाव येऊन उभा राहिला. भूमिया पुढे आला. भूमिया म्हणजे गावाचा पुजारी आणि मुख्य. त्याने दिवस सांगितल्याशिवाय तिथे पेरणी होत नाही. त्याने आधी पेटीला हात जोडले, मग मला सांगायला लागला. आवाज चढवला नाही.

लालसूचा आजा लाकडाच्या ठेकेदाराचा वाटाड्या होता. ठेकेदाराला बेगारीला माणसं पाहिजे होती. गाव जंगलात जाऊन लपला. आज्याने जागा दाखवली. जुरीचा बाप, तिचे दोन काके आणि दुसऱ्या घरचे दोघं, असे पाच जण दोरीने बांधून नेले. जुरी तेव्हा आईच्या पाठीवर होती. पाचांतला एकही परत आला नाही.

"त्यायचे दगड कोणते?" मी विचारलं.

"नाईत," भूमिया म्हणाला. "मेले का जिते, ठाव नाई. जित्या माणसाचा दगड नाई लावत आमी."

जुरी मधेच ओरडली, "आमचे बाहेर राह्यले! ह्यायचे आत कसे?"

मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हणालो, "भूमियाबाबा, दिल्लीचा हुकूम हाय. सगळ्यात मोठ्या साहेबानं सोता फोन केला मले, का लालसूले इथीच ठेवा म्हणून."

भूमियाने मला नीट न्याहाळलं. "बरं. त्यायले घेऊन ये. त्यायलेबी हेच सांगतो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मग मी सरळ विचारलं. "काय केलं म्हणजे चालन? पूजा, बोकड, गावजेवण, फौज सारं करन."

"बोकड त्याच्या बापानं बी आणला होता," भूमिया म्हणाला. "आमाले एकच पाह्यजे. ते पाच जण कुठी नेले, तेवढं सांगा. माती आणू, दगड लावू. मंग ह्यायचे बी लावू."

"हे कोणाले माहीत हाय?"

"आज्याले होतं. न सांगता मेला."

मी गप्प झालो. माझ्या जागी दुसरा असता तर तोही झाला असता. पण माझं गप्प होणं म्हणजे पलटणीत बातमी. ट्रकमधली पोरं वाकून बघायला लागली.

सोबतच्या पोलीस गाडीतला वायरलेस खरखरला.

"चार्ली वन, देरी का कारण बताओ. ओव्हर."

ऑपरेटरने माईक माझ्याकडे दिला. मी कॅप्टन साहेबांकडे पाहिलं. ते दगडांकडे बघत होते.

"कारण... जवान के दादाजी. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

"दादाजी. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "वेट. आउट."

आम्ही थांबलो. ऊन असं की रायफलीच्या नळीवर भाकरी भाजून निघाली असती. पेटीतला बर्फ वितळत होता. पाणी ट्रकच्या फळीवरून थेंब थेंब खाली मातीत पडत होतं. खुर्चीवरचे मोठे अधिकारी घड्याळ बघत होते. कॅप्टन साहेब मला हळू आवाजात म्हणाले, "जबरदस्ती नहीं करेंगे." म्हणजे काय करायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लालसूची माय ओढ्याकडून आली. नवऱ्यालाही पलीकडे ठेवलेली बाई. तिला पाहून जुरी बाजूला झाली. मायने पेटीवर हात ठेवला, मग दगडांकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता ही मागेल, आणि हिला कोणी नाही म्हणू शकणार नाही.

तिने हात पुसला. "पाणी गळून राह्यलं, भाऊ. बर्फ संपन. चला पलीकडं."

ट्रक ओढ्यात उतरत नव्हता. आम्ही पेटी खांद्यावर घेतली. निम्म्या वाटेवर माझा खांदा एकदम हलका झाला. बघतो तर गावातली माणसं न बोलावता पेटीखाली शिरली होती. जुरी पुढे चालत होती, कुठे पाय ठेवायचा ते काठीने दाखवत. आज्याच्या आणि बापाच्या दगडांशेजारी गावानेच खड्डा खणला. साडेबाराला सलामी झाली. ऑर्डर मी दिली. पहिल्या फैरीला पोरं दचकली, ती माझ्या आवाजाला. खरं सांगायचं तर माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नव्हता.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडली ती जुरी. लालसूची माय शेतावर जायची तेव्हा त्याला जुरीच सांभाळायची, हे मला नंतर कळलं.

पावसाळा संपल्यावर त्याचा दगड उभा केला. मी रजा काढून गेलो. आता तर रिटायर आहे, दर वर्षी जातो. त्याच्याजवळ बसून पोस्टवरच्या गप्पा ठोकतो. खरं कोणतं, ते विचारायला कोणी नाही.

दगड उभा केला त्या दिवशी जुरीही आली होती. तिने दगडाच्या बुडाशी तांदूळ वाहिले आणि टेकून बसली. मी शेजारी बसलो.

"बाई, एक विचारू? लालसूचा काय दोष होता?"

"काईच नाई."

"मंग?"

"आमच्या लोकायचा बी नव्हता."