लाभार्थी की सहयोगी

लॉर्ना व्हान्डरस्लाइसला ऑफिसात सगळे पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या सरकारी विद्यापीठात करारांचे कागद वाचण्याचं काम ती एकतीस वर्षं करत होती आणि बारीक अक्षरातला स्वल्पविरामसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे. पदवी नाही, सहीचा अधिकार नाही. प्राध्यापक मंडळी टेबलावर कागद टाकत आणि ‘जरा लवकर हं’ म्हणून पसार होत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. वाचायला मिळतंय ना, मग झालं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊला मात्र वाचता वाचता ती एका शब्दावर अडली.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट कसं कमी करायचं, यासाठी बेल्जियम, डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या विद्यापीठांनी मिळून मोठा प्रकल्प मांडला होता. शेतात वारेमाप खत ओतणाऱ्या आयोवालाही त्यांनी सोबत घेतलं होतं. युरोपीय निधीसाठीच्या या अर्जाची मुदत ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी पाच, म्हणजे इथले सकाळचे दहा. अर्जाच्या शेवटच्या प्रतीत आयोवाच्या नावापुढे भूमिका लिहिली होती : लाभार्थी. लॉर्नाने स्वतः तिथे ‘सहयोगी भागीदार’ लिहून पाठवलं होतं.

बदललं कोणी, हे विचारायची गरजच नव्हती. क्लेटन प्रुइट हे सहयोगी डीन. नावामागचं ते ‘सहयोगी’ कधी गळून पडतंय, याची सहा वर्षं वाट बघत बसलेले. अमेरिकेतल्या विद्यापीठांत सहयोगी म्हणजे एक पायरी खाली. तोच शब्द विद्यापीठाच्या नावापुढे बघून गृहस्थांचं डोकं फिरलं असणार. तिने फोन लावला.

‘‘हो, मीच बदललं,’’ प्रुइट म्हणाले. ‘‘त्यांच्या दारात आपण काय सहयोगी म्हणून उभं राहायचं? लाभार्थी म्हणजे मानाचं पान, लॉर्ना.’’

‘‘डॉक्टर प्रुइट, तिकडे या शब्दात कमीपणा नाही. लाभार्थी झालो तर उद्या भांडण बेल्जियमच्या कोर्टात लढायचं कबूल करावं लागेल. आपल्या राज्याचे वकील तशी सही करू देत नाहीत. सहयोगीला ती सही करावीच लागत नाही.’’

‘‘ते मंजुरी आल्यावर बघू. मी मीटिंगला चाललोय.’’

फोन बंद झाला.

मंजुरी आल्यावर काय होतं, ते तिने चार वर्षांपूर्वी पाहिलं होतं. असाच एक प्रकल्प मंजूर झाला, इकडे सही अडली, मुदत टळली आणि सात विद्यापीठांची मेहनत पाण्यात गेली. चूक तिला आधीच दिसली होती, पण आपण कोण बोलणार म्हणून ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला अजून लाज वाटे. आणि या खेपेला तर प्रश्न घरात शिरला होता. तिची मुलगी मार्लिस गावाबाहेर शेतावर राहायची. तिच्या विहिरीच्या पाण्यात इतकं नायट्रेट होतं, की सहा महिन्यांच्या नातीचं पावडरचं दूध बाटलीबंद पाण्यात कालवावं लागे.

नऊ वाजून तेरा मिनिटं. लॉर्नाने बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात फोन लावला. अर्ज भरायचं काम तिथल्या प्राध्यापक गोडेलीव्ह मास यांच्याकडे होतं. तीन महिन्यांच्या फोनाफोनीत दोघी एकमेकींना अगं-तुगं करू लागल्या होत्या.

‘‘आत्ता?’’ गोडेलीव्ह किंचाळलीच. ‘‘अगं, भूमिका बदलली की तुमचा अख्खा तक्ता कोरा होतो! तुम्हा अमेरिकन लोकांना शेवटच्या तासालाच कसं सुचतं गं?’’

‘‘नंतर पोटभर शिव्या दे. मी वाचते, तू भर.’’

‘‘बदल कोणाच्या सांगण्यावरून? इथे अधिकाऱ्याचं नाव लागतं.’’

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. प्रुइटना पुन्हा विचारावं तर उत्तर ठाऊक होतं.

‘‘माझं लिही,’’ ती म्हणाली.

मग ती वाचत गेली. माणसं, कामं, महिने, पुन्हा माणसं. मध्येच गोडेलीव्हचा संगणक अडला. दहाला सात कमी असताना तो हलला. शेवटची ओळ लॉर्नाने इतक्या घाईत वाचली, की गोडेलीव्हला ती दोनदा विचारावी लागली. दहाला दोन मिनिटं असताना तिकडून ‘‘गेला’’ एवढंच ऐकू आलं.

साडेदहाला प्रुइट तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा लालबुंद.

‘‘तुम्ही कोण लागून गेलात हो? मी आत्ताच्या आत्ता आपलं नाव काढून घ्यायला लावू शकतो.’’

‘‘लावा,’’ लॉर्ना म्हणाली. ‘‘पण मुदत संपलीय. नाव निघेल, पण पुन्हा घालता येणार नाही. मग शनिवारी माझ्या मुलीच्या घरी चला. तिच्या विहिरीचं पाणी प्यायला देते.’’

प्रुइट तसेच वळून निघून गेले. नाव त्यांनी काढलं नाही. दुपारी मात्र एक पत्र घेऊन आले : कर्मचाऱ्याने आपल्या भूमिकेच्या मर्यादा ओलांडल्या, सबब सेवापुस्तकात कायमची नोंद.

‘‘वाचून सही करा.’’

लॉर्नाने पेन उचललं आणि न वाचता सही केली.