पुक्-पुक् थांबल्यावर

आमच्या घरची पिठाची चक्की ऑइल इंजिनवर चालायची. ती चालवायचा दादा, माझा थोरला भाऊ. मी गावच्या शाळेत मास्तर. घरातलं काय करायचं ते मात्र मी ठरवायचो, कारण शिकलेला मी.

इंजिनचा धुराचा नळ छपराच्या टिनांतून वर काढलेला होता आणि त्याच्या तोंडावर एक रिकामा डबा अडकवलेला होता. संग्रामपूरकडे आमच्या भागात सगळेच चक्कीवाले तसं करत. डब्यामुळे पुक्-पुक् आवाज पार शेतांपर्यंत जाई. तो ऐकला की वस्त्यांवरच्या बाया जुवारीचं डालं डोक्यावर घेऊन निघत.

नवं मराठी राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा गावात विजेचे खांब आले. विहिरींवर मोटारी बसल्या. एका संध्याकाळी दादा माझ्याजवळ येऊन बसला. हँडल मारून मारून त्याचा खांदा उतरला होता, धुराने खोकला लागला होता, आणि कानांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. या आवाजापासून दूर राहा, असं नांदुऱ्याच्या डॉक्टरने बजावलं होतं.

"आपुन बी मोटर बसवू ना बे," तो म्हणाला. "बटन दाबलं का चालू. ना हँडल, ना धूर."

"अन् आवाजाचं काय?" मी म्हणालो. "बायाईले कसं समजन चक्की चालू हाय म्हून? दुसऱ्या गावाले जातीन त्या."

दादा उठून चक्कीकडे गेला. पुढेही त्याने विचारलं. मी दर वेळी हेच सांगितलं.

आता खरं लिहितो. गिऱ्हाईक तुटेल ही भीती होती, पण थोडीच. शाळा सुटल्यावर मी ओट्यावर चहा घेत बसायचो. पुक्-पुक् कानावर आलं की जिवाला बरं वाटायचं. दादा कामावर आहे, सगळं नीट चाललं आहे, आपल्याला तिकडे जायची गरज नाही. मला तो आवाज हवा होता, लांबून. त्या इंजिनशेजारी मी कधी धड उभासुद्धा राहिलो नव्हतो.

मग एका रविवारी दुपारी एका बाईचा पदर चक्कीच्या पट्ट्यात गेला. ती किंचाळली. दादा पाठमोरा धान्य ओतत होता, त्याला काही ऐकू आलं नाही. वहिनीने धावत येऊन लाकडाने पट्टा चाकावरून पाडला म्हणून ती बाई वाचली. खांदा सोलला तेवढाच. पट्टा पडला तरी इंजिन आपलं चालूच होतं. मी ओट्यावर होतो. पुक्-पुक् येत होतं. मी आणखी अर्धा कप चहा मागितला होता.

त्यानंतर दादाने काही विचारलं नाही. मीच मोटर आणली.

पहिल्या दिवशी दादाने बटण दाबलं आणि मोटरवर तळहात ठेवला. "चालू झाली का बे?" त्याने मला विचारलं. मी मान हलवली. चक्कीत बाया एकमेकींशी सावकाश बोलत होत्या, एकीचं लेकरू डाल्याशेजारी झोपलं होतं. भाकरीला येणारा तेलाचा वास गेला. दिवाळीला मारलेला चुना होळीपर्यंत पांढरा राहिला. दादाचा खोकलाही बसत आला. कान मात्र गेले ते गेलेच.

आणि वस्तीवरच्या बाया? वहिनीने जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांबूला बांधली आणि बांबू टिनांवर उभा केला. चिंधी दिसली की बाया येत. माझ्या एवढ्या मोठ्या अडचणीचं उत्तर घरातल्या गाठोड्यात पडून होतं.

दादाला खरं सांगायचं होतं. पण अशा गोष्टी माणूस हळू आवाजात सांगतो, आणि दादाला हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. याच सबबीवर मी पुष्कळ दिवस काढले. शेवटी एकदा चक्कीत गेलो. बाया बसल्या होत्या. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "दादा, बायाईसाठी नोयतं ते. मलेच तो आवाज पाहिजे होता. तू कामावर हायस, हे घरी बसून समजे मले."

"काय म्हनलं बे? जोरानं बोल."

मी ओरडून पुन्हा सांगितलं. बाया बोलायच्या थांबल्या. मोटरची घरघर तेवढी राहिली.

वहिनी पीठ भरता भरता म्हणाली, "भाऊजी, इंजिन होतं तवाच हे सांगायचं होतं. कोनालेच आयकू आलं नसतं."

एक-दोघी हसल्या. दादा हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग खालचं डालं पायाने माझ्याकडे सरकवलं.

"वत," म्हणाला.

मी धान्य ओतू लागलो. आता शाळा सुटली की रोज जातो. घरी बसून काहीच ऐकू येत नाही.