चार मेणबत्त्यांचं तबक

नातीची शाळा माझगावची, सिस्टरांची. आमचं घर घोडपदेवला, चाळीत. देव्हाऱ्यात आमचे गणपती, पण शाळेचं जे काही घरी करायचं येतं ते सगळं त्यांच्याच पुढ्यात बसून होतं. गेल्या डिसेंबरच्या तोंडावर सुनेच्या फोनवर आलं ते असं, की ताटात हिरव्या पानांचं कडं करा, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी, उभ्या करा. नाताळच्या आधीच्या चार रविवारी दर खेपेला एक जास्त पेटवायची, थोडा वेळ गप्प बसायचं, मग विझवायच्या. चौथ्या रविवारी चारही एकत्र पेटवून फोटो पाठवायचा.

नात दुसरीत. आजवर तिचे प्रोजेक्ट आईबापच करायचे आणि ती बाजूला बसून गम चाटायची. हे मात्र एकटी करणार म्हणाली. कोणी हात लावायचा नाही. मला तेवढी परवानगी मिळाली, कारण पानांसाठी आंब्याचे टाळ, म्हणजे डहाळ्या, मी आणून दिले होते.

पहिल्या रविवारी तिन्हीसांजेला ट्यूबलाइट बंद केली नि एक मेणबत्ती लावली. काय सांगू, भिंतीवर पानांच्या सावल्या अशा हलायला लागल्या, की आमची ती एवढीशी खोली मला होडीसारखी वाटली. पाण्यावर आहोत, कुठे पोचायची घाई नाही. मग पोरीने फुंकायला गाल फुगवले आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"देवापुढची ज्योत फुंकायची नाय गो. निवेल आपणहून."

ती बघत बसली आणि बघता बघता माझ्या मांडीवर झोपली. पानं पेटू नयेत म्हणून मी राखणीला बसले. ज्योत खाली खाली उतरत गेली नि पानांत मेणाचं जांभळं तळं झालं. मला इतकं शांत किती दिवसांत वाटलं नव्हतं.

सकाळी ती ताटासमोर उभी. "आजी, आता चौथ्या रविवारी तीनच पेटणार."

दिवा लावला की तेल संपेपर्यंत तेवतो, एवढंच मला ठाऊक. ही मेणबत्ती चार रविवार पुरवायची असते हे डोक्यातच आलं नाही. चर्चच्या बाहेरून नवी आणते म्हटलं, तर म्हणे ती सगळ्यांत उंच होईल. पहिली सगळ्यांत बुटकी हवी, तीच जास्त जळते ना. मुलगा म्हणाला, नेटवरचा फोटो पाठवू. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चहा घेऊन गॅलरीत गेला. ती गोधडी डोक्यावर ओढून पडली.

मी सुरीने पानांवरचं, ताटातलं मेण खरवडायला बसले. ते वितळवून छोट्या वाटीत ओतलं, तळहातावर कापूस वळून वात केली आणि मधोमध उभी धरली. गोधडीतून एक डोळा बघत होता. थोड्या वेळाने एक हात आला नि त्याने वात धरायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

पुढच्या रविवारी दोन लावल्या. विझवायची वेळ झाली. पोरीने इकडेतिकडे पाहिलं, स्टीलचा पेला उचलला नि हळूच ज्योतीवर उपडा धरला. मग दुसरीवर.

"फुंकलं नाही ना, आजी? झोपवली."

चौथ्या रविवारी चारही पेटल्या. एक उंच, मग उतरत उतरत, आणि शेवटी ती वाटीतली, पानांच्या आड. फोटोत ती येईचना. पोरीने पानं बोटांनी बाजूला धरली तेव्हा कुठे दिसली. सुनेने फोटो पाठवला. टीचरने लगेच विचारलं, एक वाटीत का?

सून काहीतरी सारवासारव लिहायला लागली, तर नातीने तिचा हात धरला. ज्योतींवरची नजर न हलवता म्हणाली, "लिही, ती पहिल्या रविवारची आहे. आमच्याकडे पूर्ण जळू देतात. मग आम्ही ती पुन्हा बनवली."

सुनेने तसंच लिहिलं.