लिफ्टमधल्या स्टुलाची मुदत

मुदतरावांबद्दल आमच्या इमारतीत असे सांगत, की ते लग्नपत्रिका हातात घेतली तरी आधी ती कधीपर्यंत वैध आहे ते पाहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरही तारीख लिहिलेली आहे, असेही कोणी शपथेवर सांगे. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचे मत थोडे वेगळे होते. "माणूस देवमाणूस आहे," त्या म्हणत, "पण चार वाक्यं बोलले की पाचव्याला मलाच वाटतं, आपली मुदत संपली." बरणीची आणि पत्रिकेची गोष्ट खोटी होती. शिंपीणबाईंची खोटी म्हणता येणार नाही.

मुदतराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते त्यांना नोकरीने दिले. सरकारच्या इमारत खात्यात पुनर्विलोकन शाखा नावाची एक शाखा होती. शाखा म्हणजे जिन्याखालची एक खोली, तीन टेबले आणि एक माणूस. उरलेल्या दोन टेबलांवर फायली बसत आणि त्या कधी रजेवर जात नसत.

शाखेचे काम सांगायला सोपे होते. पूर्वी कधीतरी कायदे करणाऱ्यांच्या लक्षात आले, की खाती नियम करतात आणि विसरून जातात. नियम मात्र कोणाला विसरत नाहीत. म्हणून असे ठरले, की खात्याचा प्रत्येक नियम सात वर्षांनी आपोआप संपावा. त्याला जगवायचे असेल तर मुदतीच्या आत तपासणी करावी, त्याची आजही गरज आहे का ते पाहावे, आणि असेल तर आणखी सात वर्षे द्यावीत. त्यासाठी दोन फॉर्म होते. नियम हवा असेल तर हिरवा. त्यावर उपसचिवांची एक सही लागे आणि ती चहा निवायच्या आत मिळे. नियम नको असेल तर गुलाबी. काही मोलाचे चुकून मरू नये म्हणून गुलाबी फॉर्म तीन सदस्यांच्या समितीपुढे जाई.

इतर खात्यांत हिरव्या फॉर्मचे गठ्ठे आधीच भरून ठेवलेले असत. मुदतरावांचा दोष एवढाच, की ते नियम वाचत. वाचून थांबत नसत, पाहायला जात. सरकारी इमारतींच्या दारात आगीसाठी वाळूची बादली असावी आणि ती वाळू दर आठवड्याला चाळावी, असा एक नियम होता. त्याची पाळी आली तेव्हा ते घरची पिठाची चाळणी घेऊन कचेरीत गेले. वाळूतून सिगारेटची अकरा थोटके, एक बटण आणि कोणा कारकुनाचा फाडलेला राजीनामा निघाला. त्यांनी हिरव्या फॉर्मवर लिहिले, की बादलीची गरज आहे, मात्र आगीसाठी नाही. रखवालदाराच्या कंदिलाची वात किती रुंद असावी हा नियम आला, तेव्हा त्यांनी चौदा रखवालदार गाठले, चौदा विजेऱ्या पाहिल्या आणि गुलाबी फॉर्म भरला. चाळणी घरी परत आली ती त्यांच्या पत्नीने पुन्हा पिठाला लावली नाही.

आमच्या इमारतीशी या साऱ्याचा संबंध आला तो लिफ्टमुळे. पाच मजल्यांहून उंच इमारतीत दिवसा लिफ्ट चालवायला माणूस असावा, असा खात्याचा नियम होता. आमची इमारत सहा मजल्यांची. आमच्याकडे एकोणीस वर्षे लिफ्टमामा होते. साठीकडे झुकलेले, एक गुडघा दुखरा, स्टुलावर बसून दारातल्या माणसाचा चेहरा पाहूनच मजला दाबणारे. तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली होती, तीत ते आणि मामी राहत. नोकरीबरोबर खोली होती. नोकरी गेली की खोली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

पूर्वीच्या लिफ्टला जाळीचे दार आणि पितळी दांडा होता. दांडा योग्य जागी सोडला नाही तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळे. त्या काळात मुदतरावांनी दोनदा हा नियम तपासला आणि दोन्ही वेळा हिरवा फॉर्म भरला. सहा वर्षांपूर्वी नवी लिफ्ट आली. तिला बटणे होती, आपोआप मिटणारी दारे होती, आणि आत चार माणसांची जागा होती. त्यातली एक जागा लिफ्टमामांची, आणि अर्धी त्यांच्या स्टुलाची. उरलेल्या अडीच जागांत सहा मजले सकाळी कामाला निघत.

नियमाची मुदत संपायला दोन महिने राहिले, तेव्हा सोसायटीची बैठक गच्चीत भरली. सचिव म्हणजे नळाच्या सामानाचे व्यापारी, पाचव्या मजल्यावरचे. त्यांनी विषयाला सरळ हात घातला.

"मुदतराव, आम्ही तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही फक्त काही करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे ती फाईल काढूच नका. तारीख उलटली की नियम आपोआप जाईल. तुमच्या हाताला पाप नाही, आमच्या लिफ्टला जागा."

"ते मला जमायचं नाही," मुदतराव म्हणाले.

"अहो, सरकारी माणसाला काही न करणं जमत नाही? हे नवीनच ऐकतोय."

लोक हसले. मुदतराव हसले नाहीत. "तपासणी होईल," ते म्हणाले. "जे दिसेल ते लिहीन."

"मग लिहा की. त्या डब्यात बटणं आहेत. माझी चार वर्षांची नात दाबते."

"तिचीही नोंद घेईन," मुदतराव म्हणाले, आणि त्यांनी ती खरोखर घेतली. पुढच्या आठवड्यात नातीला उचलून न धरता कितव्या मजल्यापर्यंत हात पोचतो हे त्यांनी फूटपट्टीने मोजले. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचत होता.

महिनाभर ते शहरातल्या इमारती फिरले. एकवीस ठिकाणी लिफ्टमध्ये उभे राहिले. नऊ ठिकाणी लिफ्टवाला झोपलेला सापडला आणि लिफ्ट व्यवस्थित चालू होती. शेवटी एका सकाळी ते आमच्याच लिफ्टमध्ये, हातात पुठ्ठ्याला लावलेली प्रश्नावली घेऊन, आठ ते एक उभे राहिले. त्यामुळे त्या दिवशी लिफ्टमध्ये दीडच जागा उरली आणि सचिव पाच मजले चालत उतरले.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी लिफ्टमामांना प्रश्न विचारायला घेतले.

"आपण नसलात तर लिफ्ट चालेल का?"

लिफ्टमामांनी गुडघा चोळला. "साहेब, खरं सांगू का?"

"फॉर्मवर खालीच लिहिलंय, खरं सांगावं."

"चालेल. पण..."

"पणसाठी रकाना नाही, मामा."

"नसू द्या. ऐकून तर घ्या. सहाव्या मजल्यावरचे मास्तर कधी जिन्यानं निघाले तर मला कळतं, आज घरात भांडण झालंय. मी त्यांना खाली गाठून दोन शब्द बोलतो. शिंपीणबाईंच्या पिशव्या वर पोचवतो. कोणाचं पत्र, कोणाची किल्ली, सगळं माझ्यापाशी. हे बटण करतं का?"

"नाही."

"मग लिहा ते."

मुदतरावांनी चष्मा काढून पुसला. "नियमात लिहिलंय, लिफ्ट चालवण्यासाठी माणूस. मास्तरांचं भांडण नियमात नाही. मी नियमाचीच तपासणी करू शकतो."

"म्हणजे मी गेलो," लिफ्टमामा म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर कोणी बटण दाबले होते. लिफ्ट आपोआप वर गेली.

ही बातमी मामींकडून मुदतरावांच्या पत्नीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. त्या शाळेत गणित शिकवत आणि घरात आवाज चढवत नसत.

"त्या दोघांनी जायचं कुठे?" त्यांनी विचारले.

"ते माझ्या शाखेकडे येत नाही."

"तुमच्या शाखेकडे काय येतं हो? लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझी फाईल कधी काढलीत?"

"आपलं लग्न त्या कायद्याच्या आधीचं आहे. तो मागच्या तारखेपासून लागू होत नाही."

"नशीब माझं. एक हिरवा कागद भरलात तर कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"कोणी नाही," मुदतराव म्हणाले. "म्हणूनच भरता येत नाही."

मुदतीच्या दोन दिवस आधी त्यांनी फॉर्म भरला. गुलाबी. 'लिफ्ट चालवण्यासाठी माणसाची गरज उरलेली नाही,' असा स्वच्छ शेरा, खाली सही, सोबत एकवीस इमारतींची कोष्टके. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. सचिवांनी विचारले, त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सचिव मिठाईचा पुडा घेऊन चौथ्या मजल्यावर मुदतरावांकडे आले आणि दारातच म्हणाले, "साहेब, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही."

मुदतरावांनी मिठाई घेतली नाही. सरकारी कामासाठी काही घेऊ नये, असा एक नियम आहे. त्याला त्यांनी तीनदा हिरवा फॉर्म दिला होता.

पुढचे तीन आठवडे लिफ्टमधून जाणे नकोसे झाले. लिफ्टमामा पूर्वीसारखेच मजला दाबत, पण मान वर करत नसत. मुदतराव आत आले की दोघेही दाराच्या फटीकडे पाहत उभे राहत, आणि चौथा मजला फार उशिरा येई. पंपाशेजारच्या खोलीबाहेर मामींनी दोन पेट्या ऊन दाखवायला काढल्या, त्या पुन्हा आत नेल्या नाहीत. शिंपीणबाईंनी मुदतरावांचा उसवलेला सदरा न शिवताच परत पाठवला, कारण दिले नाही. सचिवांनी सूचनाफलकावर लावले, की पहिल्या तारखेपासून लिफ्ट स्वयंचलित राहील. फक्त एक खबरदारी म्हणून त्यांनी खात्याला पत्र लिहिले: नियमाची मुदत संपली असल्याचे लेखी कळवावे, म्हणजे लिफ्टवाल्याचे स्टूल हलवता येईल.

खात्याचे उत्तर महिनाअखेरीस आले. सचिवांनी ते गच्चीत जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज बारीक होत गेला. सदर नियम रद्द करण्याची शिफारस समितीच्या विचाराधीन आहे. विचाराधीन नियम समितीचा निर्णय होईपर्यंत पूर्णपणे अमलात राहतो. तसेच आपल्या पत्रावरून असे दिसते, की आपल्या इमारतीत लिफ्टवाल्यास स्टूल दिलेले आहे. पोटनियम चारप्रमाणे त्यास पाठ टेकण्याची सोय असलेली खुर्ची द्यावी आणि पंधरा दिवसांत अनुपालन कळवावे.

सचिव पत्र घेऊन मुदतरावांसमोर उभे राहिले. "ही समिती कधी बसते?"

"दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी."

"मग या गुरुवारी होईल निर्णय?"

"नाही. समितीत तिघे आहेत. एका सदस्याचं पदच खात्यानं बंद केलं. दुसरे वारले. तिसरे सहसंचालक नेमानं येतात, चहा घेतात, दोघांची उपस्थिती नाही म्हणून बैठक तहकूब करतात आणि जातात. अकरा वर्षं हेच चाललंय."

"मग नवीन माणसं नेमा ना."

"समिती ज्या नियमानं झाली तोही नियमच आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याची पाळी आली. समिती बसतच नाही असं मला दिसलं, म्हणून तिची गरज नाही असं मी लिहिलं. गुलाबी फॉर्म होता. तो समितीकडे गेला."

"आणि?"

"समितीच्या विचाराधीन आहे. विचाराधीन नियमाखाली नव्या नेमणुका करता येत नाहीत."

शिंपीणबाईंनी विचारले, "म्हणजे तुम्ही नको म्हटलेले सगळे नियम अजून चालू आहेत?"

"एकूण एकशे चाळीस. कंदिलाची वात धरून. हिरवे सात वर्षांनी पुन्हा तपासावे लागतात. गुलाबींना मुदत नाही."

"आणि हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं," सचिव म्हणाले.

"मी दर वर्षी वर लेखी कळवतो."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला काही करू नका एवढंच सांगितलं होतं," मुदतराव म्हणाले. "तसं केलं असतं तर नियम गेला असता."

सचिवांनी पत्राची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. जिन्याने उतरताना ते मास्तरांना म्हणाले, की या माणसाने आपल्या सगळ्यांना पद्धतशीर गुंडाळले. मास्तरांना मात्र तसे वाटले नाही. गुंडाळणारा माणूस एकवीस इमारतींत उभा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यावर आमच्या इमारतीत आजही दोन तट आहेत.

पाठ टेकायची खुर्ची आठवड्याभरात आली. ती स्टुलापेक्षा रुंद निघाली आणि लिफ्टमध्ये दोनच माणसांची जागा उरली. मामींच्या पेट्या आत गेल्या. मुदतराव कामावरून परतले तेव्हा लिफ्टमामा नव्या खुर्चीवरून गुडघा धरून उभे राहिले. त्यांनी बरेच काही बोलायचे ठरवलेले दिसत होते. मी बाजूलाच असल्यामुळे ते अडखळले.

"साहेब, मी तुमच्याविषयी वाईट बोललो. मामीपण बोलली. तुमचे हे उपकार..."

"उपकार कसले?" मुदतराव म्हणाले. "या लिफ्टला तुमची गरज नाही असं मी लिहून दिलंय, ते खरं आहे, आणि उद्या कोणी विचारलं तर पुन्हा तेच लिहीन. बसा खाली, चौथा दाबा."