काळा धागा, पांढरा धागा

धाग्याची गाठ मारली की मेंढपाळ मामा ती दोनदा ओढून बघत आणि स्वतःशीच म्हणत, "बराबर." मगच बाटली माझ्या हातात देत.

मेंढरांचे कळप तुम्हीही रस्त्याकडेला पाहिले असतील. मीही गाडीच्या काचेतूनच पाहिले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. जखमेत अळ्या पडलेली मेंढी पहिल्यांदा पाहिली ती जालन्यातल्या घनसावंगीकडे, मामांच्या तळावर.

अशा जखमेत अंडी घालणाऱ्या हिरव्या-निळ्या माशीच्या जनुकांमधल्या खुणा आमची प्रयोगशाळा शोधत होती. कुठली माशी कुणाच्या नात्यातली, ते त्यावरून सांगता येणार होतं. मी कसंबसं समजावलं. मामांनी एवढंच विचारलं, "मंग ह्या माश्या माझ्या मेंढरांच्या का गावाच्या, ते कळंल?"

खालच्या गावात दरवर्षी त्यांचा कळप खतासाठी शेतात बसायचा. आता गाव म्हणत होतं, मागच्या साली तुझ्याच मेंढरांनी माश्या सोडल्या, आमच्या जनावरांच्या जखमा चिघळल्या. पुन्हा येऊ नको.

"कळेल," मी म्हणाले.

मामांना लिहिता येत नव्हतं. गावात धरलेल्या माश्यांच्या बाटल्यांना त्यांनी पांढऱ्या लोकरीचा धागा बांधला, कळपातल्या माश्यांच्या बाटल्यांना काळा. "मिसळू नका, ताई. बिलकुल."

प्रयोगशाळेत आमचे सर म्हणाले, "ही घाण फ्रीझरमध्ये नको. धागे काप, पेनने लिही." बाटलीतल्या स्पिरिटने शाई जाते, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बाटलीत टाकावी, हे मला ठाऊक होतं. तरी पेनच उचललं. कात्री मीच चालवली.

झाकणं गळली, शाई धुऊन गेली. सर म्हणाले, "सगळ्या जालन्याच्याच ना? एकच गट धरू." खुणा उत्तम सापडल्या. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. स्वतःवरचा तो राग अजून जात नाही.

काही दिवसांनी मामा आले. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले. "काय निघालं, ताई? गाववाले इचारून राह्यले."

"कुठली बाटली कुठली, ते आता कळत नाही, मामा."

"म्या तर धागे बांधल्ते."

"मी कापले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं. "दोनच रंग व्हते, ताई," म्हणाले आणि चपला घालून गेले.

यंदा गावाने कळप येऊ दिला नाही. मामा कुठल्या बाजूला गेले, कुणाला सांगता येत नाही. नमुने घ्यायला मी त्या गावात गेले, तर एका वासराच्या खांद्यावरची जखम अळ्यांनी वळवळत होती.

"त्या मेंढरांच्याच माश्या राह्यल्या असतील," मालक म्हणाला.

"यंदा मेंढरं आली होती का?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला. तो दावं सोडवत राहिला.

अळ्या बाटलीत घेतल्या. पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकली. कापलेल्या धाग्यांतला पांढरा माझ्या पिशवीत होता. तोकडा पडला, गाठ जेमतेम बसली. दोनदा ओढून पाहिली.

काळाही होता. तो बांधायला कळप नव्हता.