बाजूला

ऑफिसच्या खिडकीसमोर आंब्याचं झाड आहे. त्याच्या एका फांदीवर बांडगूळ वाढलंय. पानं लांबून आंब्यासारखीच दिसतात, फक्त जरा जास्तच तजेलदार. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही.

आमचं नवं उत्पादन एका खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही मिळतो अशा सॉफ्टवेअरवर बांधायचं चाललंय. काल आमचा टीम लीड शिरीष म्हणाला, "फोर्क नको. त्या खुल्या सॉफ्टवेअरची प्रत घेऊन बदलली आणि विकली, तर लायसन्सप्रमाणे आपला कोडही खुला करावा लागेल. त्यापेक्षा प्लगिन करू, वरून जोडायचा वेगळा तुकडा. ते बाजूला राहतं. आपलं ते आपलंच."

मी त्या 'बाजूला'पाशी अडखळले. आमचं प्लगिन त्या सॉफ्टवेअरच्या आतच चालणार, त्याचीच फंक्शन्स वापरणार, ते बंद पडलं की हेही पडणार. मग बाजूला म्हणजे नेमकं कुठे? बांडगुळालाही आपण बाजूलाच आहोत असं वाटत असेल. प्रत घेणारा निदान स्वतःच्या मुळांवर उभा राहतो, आणि कुठून घेतलं ते सांगतो.

"प्लगिनलाही ते लायसन्स लागू होतं का, वकिलांना एकदा विचारून घेऊ या का?" मी म्हटलं.

शिरीषने खिडकीकडे पाठ केली.

"विचारलं," तो म्हणाला, "तर ते सांगतील ना."